नाशिकच्या थंडीतला सायकस

माझ्या माहेरी, गुहागरजवळच्या वाडीत, विहिरीच्या कडेला जायफळाचे एक जुने झाड आहे. लग्न होऊन नाशिकला आल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात आईने त्याचे हातभर उंचीचे रोप केळीच्या सोपटात गुंडाळून माझ्याबरोबर दिले. मखमलाबाद रस्त्यालगतच्या आमच्या अंगणात ते दिवाळीपर्यंत चांगले रुजले, त्याला दोन नवी पानेही फुटली, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अवघ्या चार रात्रींत ते संपले. दव गोठले नव्हते, कुठे पांढरी काडीही दिसली नव्हती. वर्तमानपत्रात त्या दिवसांचे किमान तापमान नऊ अंश छापून येत होते. पाने आधी मलूल झाली, मग त्यांच्यावर तेल सांडल्यासारखे काळपट डाग पडले आणि शेवटी देठापासून ती गळून गेली. बुंध्याची माती मात्र ओलीच होती. माझे दीर निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार आहेत. ते पाहून म्हणाले, "वहिनी, थंडीनं गेलं ते. कोकणातलं झाड इथं कशाला आणायचं?"

त्या रोपापासून चार हातांवर, त्याच उघड्या आकाशाखाली, कुंडीतला एक सायकस, म्हणजे पामसारखे दिसणारे शोभेचे झाड, उभा होता. त्याचे एक पानही पिवळे पडले नाही. मात्र पुढच्या हिवाळ्यात तोही गेला आणि तेव्हाही सगळ्यांनी तेच निदान केले की तो थंडीने मेला. ही दोन्ही निदाने अपुरी होती, हे मला कळायला बरीच वर्षे लागली. झाडाला लागणारी थंडी एकच नसते. कोरडी थंडी वेगळी, ओल्या मातीतली थंडी वेगळी, निरभ्र आकाशाखालची वेगळी आणि कोवळ्या पालवीवर आलेली तर अगदीच वेगळी. परप्रांतीची नाजूक झाडे नाशिकसारख्या गावात जगवायची असतील, तर नेमकी कोणती थंडी कोणत्या झाडाला मारते, हे आधी ओळखावे लागते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे आणि समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे राहिला आहे. त्यामुळे दिवाळी उलटली की इथली हवा कोरडी पडते, दुपारी ऊन चटकते आणि रात्री पारा झपाट्याने उतरतो. शहरात तो हिवाळ्यातून अनेकदा दहाच्या खाली जातो. निफाडकडे, गोदावरी आणि कादवेच्या सखल पट्ट्यात, परिस्थिती आणखी कठीण असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले आकडे दर हिवाळ्यात बातम्यांत येतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. इंग्लंड-जपानच्या मानाने ही थंडी किरकोळ वाटेल, परंतु ज्या झाडाचा जन्म बारमाही उबेत झाला आहे त्याला आठ अंशही पुष्कळ होतात.

याचे कारण मला स्वयंपाकघरात सापडले. हिवाळ्यात नाशिकला खोबरेल तेलाची बाटली थिजते. तिच्या शेजारी ठेवलेले शेंगदाणा तेल मात्र वाहते राहते. दोन्ही तेलेच, पण त्यांच्यातले स्निग्ध पदार्थ निराळे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती जो पातळ पडदा असतो, तोही स्निग्ध पदार्थांचाच बनलेला असतो. थंड प्रदेशातल्या झाडांच्या पडद्यात थंडीतही प्रवाही राहणाऱ्या स्निग्धांचे प्रमाण अधिक असते. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ झाडांचा पडदा दहा-बारा अंशांच्या खाली ताठर होऊ लागतो, आणि मग पेशीतले पाणी व क्षार बाहेर झिरपतात. पानावर तेलकट काळे डाग दिसतात ते याचेच चिन्ह. त्याच वेळी गारठलेली मुळे पाणी ओढण्याचे काम जवळजवळ थांबवतात. म्हणून माती ओली असूनही पान कोमेजते, ते पाहून आपण आणखी पाणी घालतो, आणि झाडाची दुर्दशा पुरी होते. माझ्या जायफळाचे असेच झाले. जायफळाचे मूळ घर इंडोनेशियातली बांदा बेटे. तिथे वर्षभर ऊब आणि दमट हवा असते. कोकणाने त्याला ती दोन्ही दिली. नाशिकच्या अंगणात मी त्याच्याकडून पौषातल्या रात्री आणि कोरडी दुपार अशा दोन्ही गोष्टी सहन करण्याची अपेक्षा ठेवली होती.

सायकसची गोष्ट नेमकी उलटी आहे. आपल्याकडे रोपवाटिकेत सागो पाम म्हणून जो विकला जातो तो सायकस रिव्होल्यूटा, दक्षिण जपानातल्या क्यूशू आणि र्यूक्यू बेटांवरचा. तो पाम नव्हे, आणि आपल्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही. आपला साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अनावृत्तबीजी, म्हणजे उघडे बी धरणाऱ्या, वनस्पतींची उदाहरणे असतात, त्यांत मोरपंखी आणि देवदाराच्या पंक्तीत सायकसचे नाव असते. फुलझाडे पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून या कुळातली झाडे होती. १८९६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इकेनो सेइइचिरो यांनी याच सायकसमध्ये पोहत जाणाऱ्या नरपेशी शोधल्या, आणि नेच्याप्रमाणे पाण्यात पोहणारी नरपेशी बीजधारी झाडातही असते, हे जगाला समजले. त्याच वर्षी हिरासे साकुगोरो यांनी गिंको या दुसऱ्या बीजधारी झाडात तीच गोष्ट दाखवली होती. अंगणातल्या कुंडीकडे पाहताना मला हे आठवते, आणि त्या झाडाविषयीचा आदर वाढतो.

हा सायकस काही तासांपुरती शून्याखालची थंडीही सोसतो. फार कडाका पडला तर पाने जळतात, पण खोड वाचले तर पुढच्या उन्हाळ्यात नवा पर्णमुकुट येतो. तरीही जपानात त्याच्या मूळ घरापासून उत्तरेला, क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या बागेत, दर हिवाळ्यात सायकसच्या झाडांना भाताच्या पेंढ्याचे जाड आवरण बांधतात. त्याची छायाचित्रे पाहिली तेव्हा मला आमच्याकडच्या द्राक्षबागा आठवल्या, जिथे निर्यातीच्या घडांना गारठ्यापासून आणि पिंक बेरीपासून, म्हणजे मणी गुलाबी पडण्यापासून, वाचवण्यासाठी एकेक करून कागद गुंडाळतात. ज्याचे मोल कळते त्याला माणूस असे जपतोच.

मग माझा पहिला सायकस कशाने मेला? तो ज्या रोपवाटिकेतून आणला तिथल्या माणसाने सांगितले होते की रोज तांब्याभर पाणी घाला. मी तेही पाळले, आणि त्यावर काळ्या मातीने ठासून भरलेली प्लास्टिकची कुंडी होती. उन्हाळ्यात ते निभावले. डिसेंबरात मुळे थबकली, पाणी तसेच साचून राहिले, आणि बाहेरून दीड महिना झाड ठणठणीत दिसत राहिले. सायकसचे पान कातड्यासारखे असते, त्याला दुःख सांगायला वेळ लागतो. फेब्रुवारीत मधली पाने हातात घेतली तर ती बुडासकट अलगद वर आली. खोडाच्या माथ्यावर अंगठा टेकवला तेव्हा तो आत गेला. सुरीने उभे कापून पाहिले. आतला गर, जो कच्च्या बटाट्यासारखा पांढरा आणि कडक असायला हवा, तो खालून तपकिरी लगदा झाला होता आणि त्याला आंबलेल्या पिठाचा वास येत होता. कुजण्याची सुरुवात मुळांकडून होऊन ती वर चढली होती. थंडी निमित्तमात्र होती. मारले ते पाण्याने आणि हवा न खेळणाऱ्या मातीने.

त्या खोडाच्या बगलेला लिंबाएवढी तीन पिल्ले होती. दोन मऊ पडली होती, एक टणक होते. ते मी धारदार सुरीने कापून घेतले, त्याची होती ती दोन पाने काढली आणि कापलेल्या जागेवर भाऊजींकडून आणलेली बोर्डो पेस्ट लावली. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या खोडाला लावतात तीच ही मोरचूद आणि चुन्याची पेस्ट. मग ते पिल्लू आठवडाभर सावलीत कोरडे ठेवले आणि जाड वाळूत अर्धे पुरले. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला, काहीही झाले नाही. हलवून पाहण्याचा मोह मी आवरला, कारण कोवळे मूळ तेवढ्यानेही तुटते. श्रावणात एका सकाळी वरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा तांबूस लवदार कोंब दिसला. आज जो सायकस माझ्या पोर्चच्या पायरीशी आहे तो हाच, आणि त्याच्या बुंध्याला आता माझ्या दोन्ही हातांची वीत पुरत नाही.

मातीविषयी मी त्यानंतर फार काटेकोर झाले. निम्मा भाग बारीक मुरूम आणि जाड वाळू, उरलेल्यात पोयटा आणि चांगले कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट अगदी थोडे, कारण ते हिवाळ्यात पाणी धरून बसते. कुंडी मातीची, तळाशी विटांचे तुकडे, आणि कुंडीखाली दोन विटा, म्हणजे खालचे भोक फरशीला चिकटून बंद होत नाही. सायकसला खोलवर जाणाऱ्या मुळांखेरीज मातीच्या पृष्ठभागाजवळ पोवळ्यासारखी गुच्छदार मुळे येतात. त्यांच्यात निळे-हिरवे शेवाळ राहते आणि ते हवेतला नत्र झाडाला पुरवते. पहिल्यांदा कुंडी बदलताना ती मुळे पाहून मला रोगाच्या गाठी वाटल्या होत्या आणि मी काही छाटूनही टाकल्या, याची हळहळ अजून वाटते. नोव्हेंबरपासून संक्रांतीपर्यंत मी सायकसला बारा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी देते, तेही दुपारी अकरा-बाराच्या उन्हात. दिवस तिळातिळाने वाढू लागला की हळूहळू वाढवते.

आमच्या भागातली दुसरी अडचण चुनखडीची. बोअरचे पाणी जड आहे आणि जमिनीत चुना भरपूर आहे. रोप जमिनीत लावल्यास तिसऱ्या-चौथ्या वर्षी नवी पाने आखडलेली, पिवळट आणि टोकाला जळल्यासारखी येऊ लागतात. एक वर्ष माझ्याकडेही तशी आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, थंडी बाधली त्याला." थंडीचा त्यात हात होता, पण आडून. हा मँगनीजचा अभाव असतो. चुन्याच्या जमिनीत मँगनीज असले तरी ते मुळांना मिळत नाही, आणि माती गार असेल तर ते घेण्याची मुळांची ताकद आणखी कमी होते. म्हणून हिवाळ्याच्या पाठोपाठ येणाऱ्या पालवीत हा दोष ठळक दिसतो. द्राक्षबागायतदारांना चुनखडीच्या जमिनीत वेलीची पाने पिवळी पडतात, हे पाठ असते, त्यामुळे भाऊजींनी ते पाहताक्षणी ओळखले. मी चमचाभर मँगनीज सल्फेट बादलीभर पाण्यात विरघळवून बुंध्याभोवती दिले आणि पुढच्या वेळी दुसऱ्यांदा दिले. आखडलेली पाने सुधारत नाहीत. ती तशीच राहतात. परंतु पुढचा मुकुट सरळ आणि गर्द हिरवा आला. शक्य तेव्हा मी पावसाचे पाणी पिंपात साठवते आणि ते सायकससाठी राखून ठेवते.

आता पालवीविषयी, कारण या झाडाचे सगळे सौंदर्य आणि सगळा धोका त्या तीन आठवड्यांत एकवटलेला असतो. सायकसला पाने एकेक करून येत नाहीत. वर्षभर झाड गप्प असते, आणि मग माथ्यावरचा लवदार तपकिरी भाग फुगतो, फाकतो, आणि वीस-पंचवीस पाने एकाच वेळी मेणबत्त्यांसारखी सरळ वर येतात. प्रत्येक पर्णिका घड्याळाच्या कमानीसारखी आत वळलेली असते, तिच्यावर पांढुरकी लव असते, आणि ती इतकी मऊ असते की नख लागले तरी कायमची खूण राहते. सहा-सात दिवसांत त्या उलगडतात, आणखी दोन आठवड्यांत कडक होतात, टोकाला काटा येतो. एकदा पाऊस लांबला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पालवी फुटली. ती उलगडत असतानाच पारा आठवर आला. पाने मेली नाहीत, पण अर्धी उलगडून तिथेच थांबली आणि पुढची दोन वर्षे तशीच वाकडी राहिली. तेव्हापासून सप्टेंबरनंतर मी सायकसला खत देत नाही. उशिरा फुटलीच, तर ती कुंडी रात्री घरात येते, मग ती उचलायला दोन माणसे लागली तरी चालेल.

याच तीन आठवड्यांत एक छोटे निळे फुलपाखरू येते. त्याचे शास्त्रीय नाव लुथ्रोडिस पांडवा. १८२९ मध्ये हॉर्सफिल्ड या निसर्गतज्ज्ञांनी त्याचे वर्णन केले तेव्हा 'पांडवा' हा शब्द त्याला दिला. नाशिककरांना हे नाव ऐकताच पांडवलेणी आठवतील, मात्र फुलपाखराचा आणि लेण्यांचा काही संबंध नाही. मागच्या पंखाला बारीक शेपटी आणि तिच्याजवळ नारिंगी कडेचा काळा ठिपका, एवढी खूण पुरते. मादी कोवळ्या पर्णिकांवर टाचणीच्या डोक्याहून लहान, फिकट हिरवट-निळी अंडी घालते. अळ्या हिरव्या किंवा लालसर असतात आणि पालवीच्या लवेत मिसळून जातात. त्या आहेत हे मला नेहमी मुंग्यांमुळे कळते. अळीच्या अंगातून गोड स्राव पाझरतो, तो चाटायला मुंग्या तिच्याभोवती राहतात आणि बदल्यात तिचे रक्षण करतात. कोवळ्या पानांवर मुंग्यांची ये-जा दिसली की समजावे. एका वर्षी आम्ही चार दिवस माहेरी गेलो होतो. परत आले तर सबंध मुकुटाच्या पर्णिका खाऊन नुसते कणे उभे होते, दात झडलेल्या फणीसारखे. पान एकदा कडक झाले की अळीला ते खाता येत नाही, म्हणून रक्षण फक्त तेवढ्या काळापुरते करायचे असते. मी कोंब फाकताना दिसला की त्याच दिवशी तीन काठ्या रोवून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वरून सोडते आणि खाली सुतळीने बांधते. फवारणीची गरज राहत नाही, आणि फुलपाखरेही मरत नाहीत. शेजारच्या एका जुन्या बंगल्यात दुर्लक्षित सायकस आहेत, त्यांचे तिथे चालते.

उघड्या आकाशाखालची थंडी मला भाऊजींच्या बागेत कळली. जानेवारीतल्या एका पहाटे चार वाजता आम्ही ओळींमधून शेकोट्या पेटवत होतो. ओला पालापाचोळा, पाचट, वर थोडा भुसा. जाळ नको, धूर हवा. वारा अजिबात नव्हता आणि आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. अशा रात्री जमीन आणि पाने आपली ऊब थेट आकाशाकडे सोडत राहतात, आणि पानाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी गार होतो. गार हवा जड असल्याने उतारावरून वाहत जाऊन सखल जागी साठते. बांधाजवळच्या खोलगट तुकड्यात गवतावरचे दहिवर साखरेसारखे पांढरे गोठले होते, आणि शंभर पावलांवर, जरा चढावर, गवत नुसते ओले होते. भाऊजी पंप सुरू करत म्हणाले, "पाणी सोडलं की जमीन ऊब धरते, वहिनी. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतंय." मी हात घालून पाहिला, खरोखरच कोमट होते.

घरी आल्यावर मी अंगणात, गच्चीवर आणि पोर्चमध्ये तीन कमाल-किमान तापमापके टांगली. एकाच रात्री अंगणातले सात दाखवी, पोर्चमधले दहा. पोर्चला भिंती नाहीत, फक्त छप्पर आहे, आणि मागची भिंत काळ्या दगडाची, दक्षिणेकडे तोंड असलेली. तो दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. या तीन अंशांत माझ्या निम्म्या झाडांचे आयुष्य आहे. ज्यांना पोर्चमध्ये जागा नाही, त्यांच्यावर चार काठ्या उभ्या करून गोणपाट टाकते, पण ते पानांना टेकू देत नाही, कारण ओले गोणपाट टेकलेले पान आधी जळते; आणि सकाळी ऊन अंगणात उतरले की काढून घेते. प्लास्टिकचा कागद मी वापरत नाही. त्याच्याखाली रात्री घाम धरतो आणि दुपारी भट्टी होते. हिवाळ्यात कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर मुळांची ऊब टिकते, हे मला आईने फोनवर सांगितले. तिच्याकडे तशी थंडी कधीच पडत नाही, तरी तिला ते सुचले.

बाकीच्या झाडांचे थोडक्यात सांगते. अडेनियम पाने गाळून झोपतो. त्याला पौषात पाणीच द्यायचे नाही, मग तो काही मागत नाही. झामिया, ज्याचे मूळ घर मेक्सिकोतले व्हेराक्रूझ, तो सायकसच्याच वर्गातला पण थंडीला थोडा हळवा आहे, म्हणून पोर्चमध्ये. घरोघरी असलेले झेडझेड रोप दिसायला त्याच्यासारखे असले तरी ते अळूच्या कुळातले आहे. हेलिकोनियाची पाने डिसेंबरात करपतात, ती कापून बुंध्यावर पाचटाचा थर दिला की मार्चमध्ये पुन्हा फुटते. अँथुरियम आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड घरातच, पूर्वेच्या खिडकीशी. त्यांना बाहेर ठेवण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. जायफळ पुन्हा लावले नाही. त्याला लागणारा दमटपणा मी नाशिकला निर्माण करू शकत नाही, आणि जे झाड इथे फक्त तग धरेल, त्याला कोकणातच राहू द्यावे असे मला वाटते. आई दर वर्षी जायपत्री सुकवून पाठवते.

थंड मुलुखात ही झाडे जपणाऱ्यांची चिकाटी मोठी आहे. लंडनमधल्या क्यू बागेत फ्रान्सिस मॅसन यांनी दक्षिण आफ्रिकेतून १७७५ मध्ये आणलेला एन्सेफॅलार्टस अल्टेनस्टाइनी, हा सायकसचाच नातलग, अजूनही कुंडीत जिवंत आहे. अडीचशे हिवाळे त्याने काचेच्या उबदार घरात काढले. त्याच बागेत एन्सेफॅलार्टस वुडीही आहे. १८९५ मध्ये जॉन मेडली वुड यांना दक्षिण आफ्रिकेतल्या आजच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या ओंगोये जंगलात त्याचे एकच झाड सापडले, ते नर होते, आणि मादी आजवर कोणालाही सापडलेली नाही. आज जगभर त्याची जी झाडे आहेत, ती सगळी त्या एकाच झाडाची पिल्ले. आपल्याकडे तिरुमला आणि कडप्याच्या डोंगरांत सायकस बेडोमी आहे, ज्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टाने बंदी आणली आहे. म्हणून कोणी जंगलातून उपटलेला, मुळे तुटलेला मोठा बुंधा स्वस्तात देऊ केला तर तो घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिल्लापासून वाढवलेला सायकस मिळतो, फक्त थांबावे लागते. आणि घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर हे झाड त्यांच्या वाटेत ठेवू नये; सायकसचे सगळे भाग विषारी आहेत, बिया सर्वांत जास्त, आणि कुत्र्याच्या यकृतावर त्याचा घातक परिणाम होतो.

सायकसमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात, पण शंकू येईपर्यंत कोणते काय हे कळत नाही. माझ्या झाडाचा माथा गेल्या मे महिन्यात पुन्हा फुगला आणि मी मच्छरदाणी शोधू लागले, तर पानांऐवजी फिकट सोनेरी, लोकरीसारख्या पाकळ्यांचा कोबीएवढा गोल उघडू लागला. मादी होती. गंगापूर रस्त्यावरच्या एका ओळखीच्या घरी त्याच सुमारास नराला हातभर उंच शंकू आला होता. त्यांच्याकडून कागदाच्या पुडीत पिवळे पराग आणले, ते दिवसभर सावलीत वाळवले, आणि पुढच्या तीन सकाळी मऊ कुंचल्याने त्या लोकरीच्या फटींतून आत झटकले. पावसाळ्यात मादीच्या पाकळ्या मिटल्या आणि मी आशा जवळजवळ सोडली होती. मार्गशीर्षात पाहिले तर आत खारकेएवढ्या शेंदरी बिया लागल्या होत्या.

परवा मी हातमोजे घालून त्या काढल्या. एकूण एकतीस. वरचा शेंदरी गर पाण्यात भिजवून घासून काढला आणि स्वच्छ बिया बादलीत सोडल्या, कारण पोकळ बी बहुधा तरंगते. चोवीस तरंगल्या, सात बुडाल्या. त्या सात ओलसर वाळूच्या ट्रेमध्ये आडव्या, अर्ध्या उघड्या ठेवल्या आहेत. त्यांना महिनोन्‌महिने ऊब लागेल आणि बाहेर अजून महिनाभर थंडी आहे, म्हणून ट्रे स्वयंपाकघरात इन्व्हर्टरच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. खोबरेल तेलाची बाटलीही हिवाळ्यात तिथेच असते. आज सकाळी बाहेर नऊ अंश होते, आणि बाटलीतले तेल पातळ होते.